जपानमधील जुनी सदनिका आणि इतिवृत्ताची वही

गेल्या वर्षी माझ्या भाच्याचा तोक्योहून फोन आला. तो आणि त्याची पत्नी एदोगावा वॉर्डातील निशी-कासाई भागात नऊ वर्षांपासून भाड्याने राहत आहेत. या भागात भारतीयांची वस्ती मोठी असून त्यात मराठी कुटुंबेही बरीच आहेत. तो म्हणाला, "मामा, दर दोन वर्षांनी भाडेकराराचे नूतनीकरण करायचे, त्याची वेगळी रक्कम भरायची, याचा आता कंटाळा आला आहे. नवे घर परवडत नाही. जुन्या इमारतीतल्या दोन सदनिका पाहून ठेवल्या आहेत. तुम्ही नगरविकास खात्यात होतात. काय पाहायचे ते सांगा."

पहिली सदनिका १९७९ साली बांधलेल्या इमारतीत होती. क्षेत्रफळ ५८ चौरस मीटर, स्टेशनपासून चालत पाच मिनिटे. आतील स्वयंपाकघर, स्नानगृह, फरशी, सर्व काही नवे कोरे केलेले. दुसरी १९८६ सालच्या इमारतीत, जवळपास तेवढीच मोठी, पण स्टेशनपासून लांब. भिंतींचा कागद पिवळा पडलेला आणि स्वयंपाकघर जुन्या पद्धतीचे. किंमत पहिलीपेक्षा थोडी अधिकच. दोघांचाही कल अर्थातच पहिलीकडे होता आणि इसाराची रक्कम द्यायला आठवडा उरला होता.

मला तेव्हा जपानच्या कायद्याची विशेष माहिती नव्हती. परंतु ज्याने आयुष्यभर फायली पाहिल्या त्याला एक सवय लागलेली असते. वस्तू पाहण्यापूर्वी तो तिचे दप्तर मागतो. मी त्याला एवढेच म्हटले, "त्या दोन्ही इमारतींच्या मागील तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते मागव. ती येईपर्यंत एक येनसुद्धा देऊ नकोस." त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून जो अभ्यास केला, त्यातून हा लेख झाला आहे. जपानमध्ये राहणाऱ्या वाचकांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग व्हावा आणि इतरांना आपल्याकडील व्यवस्थेचा विचार करण्यास निमित्त मिळावे, असा हेतू आहे.

जपानमध्ये अशा बहुमजली इमारतीतील मालकीच्या घराला मान्शोन म्हणतात. शब्द इंग्रजी मॅन्शनवरून आला असला तरी त्यात हवेलीचा थाट काही नाही. आपण ज्याला फ्लॅट म्हणतो तेच ते. देशात २०२३ च्या अखेरीस अशी सुमारे ७० लाख घरे होती आणि त्यांपैकी सुमारे १३ लाख ७० हजार घरे चाळीस वर्षांहून जुनी होती. ही संख्या वेगाने वाढत जाणार आहे. म्हणजे जुनी सदनिका हा तेथे आता अपवाद राहिलेला नाही.

या मालकीचा मूळ कायदा १९६२ चा. इमारतीतील प्रत्येक घराची स्वतंत्र मालकी आणि उरलेल्या भागाची सामायिक मालकी, ही त्याची चौकट. १९८३ च्या दुरुस्तीने त्यात एक महत्त्वाची तरतूद आली. सर्व सदनिकामालक मिळून इमारतीच्या व्यवस्थापनासाठी आपोआप एक संघ बनतो. सदनिका घेतली की सभासदत्व आले. ते नाकारता येत नाही आणि त्याचा राजीनामाही देता येत नाही. जपानी भाषेत त्याला कान्री कुमिआइ म्हणजे व्यवस्थापन संघ म्हणतात.

मग खरेदीदार नेमके काय विकत घेतो? शासनाने प्रसृत केलेल्या आदर्श नियमावलीनुसार, जी बहुतेक इमारती थोड्याफार फरकाने स्वीकारतात, खिडक्यांच्या चौकटी आणि काचा मालकाच्या नसतात. बाल्कनी त्याच्या वापराची, पण सामायिक. मुख्य दरवाजाचे कुलूप आणि आतल्या बाजूचा रंग त्याचा, मात्र खुद्द दरवाजा सामायिक. खिडकीतून थंडी येते म्हणून मनाजोगती खिडकी परस्पर बसवता येत नाही. आत लाकडी फरशी घालायची असेल तर खालच्या घराला आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी विशिष्ट दर्जाचेच सामान वापरावे लागते आणि त्यासाठी संघाची पूर्वपरवानगी लागते.

थोडक्यात, मालकाच्या ताब्यात भिंतींच्या आतली पोकळी येते. छत, खांब, जलवाहिन्या, लिफ्ट, गच्चीवरील जलरोधक थर, बाहेरील भिंतीच्या टाइल्स यांचे भवितव्य सर्व मालक मिळून ठरवतात. पहिल्या सदनिकेचे नवे स्वयंपाकघर पाहून माझ्या भाच्याचे मन हरखले होते, परंतु तो बदल कोणीही काही आठवड्यांत आणि ठरावीक खर्चात करू शकतो. त्या इमारतीचे तीस वर्षे दुर्लक्षित राहिलेले नळ तो एकटा बदलू शकत नाही.

आता पाहण्याच्या गोष्टी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट तारखेची. जपानमध्ये १ जून १९८१ पासून बांधकामाचे नवे भूकंपरोधक निकष लागू झाले. १९७८ च्या मियागी भूकंपाचा अनुभव त्यामागे होता. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात झालेल्या महाभूकंपात जुन्या निकषांच्या इमारतींची हानी तुलनेने फार मोठी होती. येथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. ही तारीख इमारत पूर्ण झाल्याची नसून बांधकाम आराखड्याला शासकीय मंजुरी मिळाल्याची आहे. त्यामुळे १९८२ किंवा १९८३ साली पूर्ण झालेली इमारतही जुन्या निकषांची असू शकते. मंजुरीची तारीख कागदावर पाहावी. जुन्या निकषांची इमारत वाईटच असते असे मुळीच नाही. काहींची संरचनात्मक तपासणी होऊन मजबुतीकरणही झालेले आहे. पण तसे झाले आहे काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तपासणी झाली असल्यास तिचा निष्कर्ष खरेदीदाराला सांगण्याचे बंधन २००६ पासून मध्यस्थावर आहे. मात्र तपासणी करून घेण्याचे बंधन त्याच्यावर नाही. "तपासणी झालेली नाही" एवढे सांगितले की त्याचे कर्तव्य संपते. कर्जावरील करसवलतीसाठीही १९८२ नंतर नोंदलेली इमारत सोयीची पडते, कारण त्यापूर्वीच्या इमारतीला भूकंपरोधकतेचा वेगळा दाखला द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट राखीव निधीची. मालक दरमहा दोन रकमा भरतो. एक व्यवस्थापन शुल्क, म्हणजे सफाई, लिफ्टची देखभाल, सामायिक वीज वगैरे. दुसरी दुरुस्तीसाठीची राखीव रक्कम. साधारणपणे दर बारा ते पंधरा वर्षांनी संपूर्ण इमारतीला परांची बांधून मोठी दुरुस्ती केली जाते आणि तिचा खर्च या निधीतून होतो. संबंधित मंत्रालयाने यासाठी मार्गदर्शक आकडे दिले आहेत. वीस मजल्यांहून कमी आणि एकूण ५,००० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतीसाठी दीर्घकालीन सरासरी दरमहा दर चौरस मीटरला ३३५ येन आहे. यांत्रिक वाहनतळाचा खर्च त्यात धरलेला नाही.

भाच्याने पाहिलेल्या पहिल्या इमारतीत ही मासिक रक्कम होती ५,२०० येन. जाहिरातीत ती "मासिक खर्च कमी" अशा शब्दांत गुण म्हणून छापलेली होती. आम्ही हिशेब केला. ५८ चौरस मीटरला ३३५ येन या दराने १९,४३० येन होतात. म्हणजे दरमहा १४,२३० येनांची तूट, आणि दहा वर्षांत प्रत्येक घरामागे १७ लाख येनांहून अधिक. हा खर्च टळलेला नाही, फक्त पुढे ढकलला आहे. तो एक तर एकरकमी वर्गणीच्या रूपाने येईल, किंवा संघाला कर्ज काढावे लागेल, किंवा दुरुस्तीच होणार नाही. कमी हप्ता हा येथे गुण नव्हे, ते न भरलेले देणे आहे.

हा प्रकार एखाद्याच इमारतीत घडतो असे नाही. शासनाच्या २०२३ च्या सर्वेक्षणात राखीव रकमेची सरासरी दरमहा दर घरामागे सुमारे १३,००० येन आढळली आणि तिसऱ्या हिश्शाहून अधिक इमारतींकडे त्यांच्याच आराखड्यानुसार हवा तेवढा निधी नव्हता. याचे मूळ विक्रीच्या पद्धतीत आहे. नवी इमारत विकताना विकसक सुरुवातीची राखीव रक्कम मुद्दाम कमी ठेवतो, म्हणजे ग्राहकाला मासिक बोजा हलका दिसतो. पुढे टप्प्याटप्प्याने वाढ करायची असे आराखड्यात लिहिलेले असते. परंतु प्रत्येक वाढीसाठी सभेत ठराव लागतो, आणि तोवर निम्मे मालक निवृत्त झालेले असतात. निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस वीस वर्षांनी होणाऱ्या दुरुस्तीसाठी आज हात वर का करील? २०२४ मध्ये मंत्रालयाने सुचवले की सुरुवातीची रक्कम समान हप्त्याच्या ०.६ पटीहून कमी नसावी आणि शेवटची १.१ पटीहून जास्त नसावी. सूचना योग्य आहे, पण ती जुन्या इमारतींतील साचलेली तूट भरून काढू शकत नाही.

तिसरी गोष्ट थकबाकीची. कायद्याच्या आठव्या कलमानुसार आधीच्या मालकाने थकवलेले शुल्क नव्या मालकाकडून वसूल करता येते. आपण घेत असलेल्या घराची थकबाकी पाहावीच, पण संपूर्ण इमारतीची थकबाकीही विचारावी. दहा घरांपैकी एक घर जर महिनोन्महिने पैसे भरत नसेल, तर तेथील संघाची पकड सुटली आहे असे समजावे.

चौथी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे इतिवृत्त. पहिल्या इमारतीची इतिवृत्ते मध्यस्थाने बरेच आढेवेढे घेतल्यावर आणून दिली. भाच्याची पत्नी जपानी उत्तम वाचते. तिने ती एका रात्रीत वाचून काढली. तीन वर्षे लागोपाठ एकच विषय कार्यक्रमपत्रिकेवर होता, सांडपाण्याचे नळ बदलण्याचा. तिन्ही वर्षी "पुढील सभेत विचार करावा" असा निर्णय. सभेला प्रत्यक्ष हजर सभासद बत्तीसपैकी सात, सहा आणि पुन्हा सहा. बाकीच्यांनी अध्यक्षांच्या नावे मुखत्यारपत्र पाठवलेले, किंवा काहीच कळवलेले नाही. यांत्रिक वाहनतळातील अर्ध्याहून अधिक जागा रिकाम्या, त्यामुळे भाडे बुडालेले. आणि त्या यंत्राच्या देखभालीचा खर्च मात्र चालूच.

नळांविषयी थोडे सांगायला हवे. जुन्या इमारतींत एका घराचे सांडपाण्याचे नळ पुष्कळदा त्याच्या फरशीखालून, म्हणजे खालच्या घराच्या छताच्या पोकळीतून जातात. गळती झाली तर दुरुस्ती करण्यासाठी खालच्याचे छत उघडावे लागते. तो नळ वरच्याचा की सामायिक, यावर वाद होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००० साली न्यायालयाने अशा एका प्रकरणात तो नळ सामायिक असल्याचा निर्णय दिला. म्हणजे जबाबदारी पुन्हा संघाकडे आली. संघच जर "पुढील सभेत विचार करू" म्हणत असेल, तर आतले नवे स्नानगृह काय कामाचे?

दुसऱ्या इमारतीची इतिवृत्ते वाचताना मला प्रशासनातील एखाद्या चांगल्या जिल्ह्याची फाइल वाचल्यासारखे वाटले. तेथे भांडणे होती. राखीव रक्कम ११,८०० वरून १६,००० येन करण्याच्या ठरावाला एका सभेत कडाडून विरोध झाला होता. दुसऱ्या वर्षी कार्यकारी मंडळाने तीन पर्याय आणि प्रत्येकाचा तीस वर्षांचा हिशेब मांडला आणि ठराव संमत झाला. सायकली कोठे ठेवाव्यात यावर दोन पाने खर्ची पडली होती. ज्या इमारतीत सायकलींवर दोन पाने वाद होतो, तेथे लोक सभेला येतात. हे मी निव्वळ गमतीने म्हणत नाही. ग्रामसभा असो वा महापालिका, ज्या संस्थेच्या कागदावर मतभेद दिसत नाहीत तिथे बहुधा लोकांनी येणे सोडलेले असते.

लोकांनी येणे सोडल्यावर काय होते याचे टोकाचे उदाहरण शिगा प्रांतातील यासू या शहरात घडले. १९७२ साली बांधलेली तीन मजली, नऊ घरांची एक इमारत. व्यवस्थापन संघ कार्यरतच नव्हता. एकेक मालक निघून गेला, भिंत कोसळली, आतील ॲस्बेस्टॉस उघडे पडले. इमारत पाडायला त्या वेळी सर्व मालकांची संमती लागत होती आणि ती मिळत नव्हती. अखेर २०२० मध्ये शहर प्रशासनाने ओसाड घरांविषयीच्या विशेष कायद्याखाली स्वतः ती पाडली. खर्च आला सुमारे ११ कोटी ८० लाख येन. हा खर्च नऊ घरांच्या मालकांकडून वसूल करावयाचा होता. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १ कोटी ३० लाख येन, आणि तेही हाती काही न उरता.

याउलट उदाहरण तोक्योतील योत्सुया कोर्पोरास या इमारतीचे. १९५६ साली खासगी कंपनीने विकलेली ही जपानमधील पहिली मान्शोन मानली जाते. म्हणजे मूळ कायदा येण्याच्याही सहा वर्षे आधीची. अवघ्या २८ घरांची ही इमारत सुमारे साठ वर्षे नांदती राहिली. २०१७ मध्ये ती पाडण्यात आली आणि २०१९ मध्ये त्याच जागी नवी उभी राहिली. मात्र हे उदाहरण पाहून "पुनर्बांधणीत फायदा होईल" या आशेवर कोणी जुनी सदनिका घेऊ नये. मुंबई-पुण्याच्या वाचकांना ही सवय असते, म्हणून मुद्दाम सांगतो. ७० लाख घरांच्या या देशात २०२४ पर्यंत पुनर्बांधणी पूर्ण झालेल्या इमारती जेमतेम ३०० होत्या. वाढीव चटई क्षेत्र विकून फुकटात नवे घर मिळण्याचा योग तेथे क्वचितच येतो.

शासनाने काय केले? उशिरा का होईना, बरेच केले. तोक्यो महानगर प्रशासनाने २०१९ मध्ये अध्यादेश करून, १९८३ अखेरपर्यंत बांधलेल्या आणि सहा किंवा अधिक घरे असलेल्या इमारतींना आपल्या व्यवस्थापनाची माहिती कळवणे एप्रिल २०२० पासून बंधनकारक केले. एप्रिल २०२२ पासून स्थानिक प्रशासन चांगल्या व्यवस्थापन आराखड्याला मान्यता देऊ शकते. त्यासाठी वर्षातून किमान एक सभा, शुल्क आणि राखीव निधी यांचे वेगळे हिशेब, मर्यादित थकबाकी आणि तीस वर्षांचा दुरुस्ती आराखडा अशा अटी आहेत. २०२५ मध्ये संसदेने मूळ कायद्यातही दुरुस्ती केली, तिचा अंमल एप्रिल २०२६ पासूनचा. साधे ठराव आता हजर असलेल्यांच्या बहुमताने होऊ शकतात, ठावठिकाणा नसलेल्या मालकांना न्यायालयामार्फत मतगणनेतून वगळता येते, इमारत पाडण्यासाठी वा एकत्रित विकण्यासाठी सर्वांच्या संमतीची अट गेली. भूकंपरोधकतेत उणीव असलेल्या इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी चार-पंचमांशाऐवजी तीन-चतुर्थांश बहुमत पुरेसे ठरवले.

या सर्व सुधारणांचे मी स्वागत करतो. परंतु एका ठिकाणी जपानी व्यवस्था मला अपुरी वाटते. तेथील कायद्यानुसार करारापूर्वी परवानाधारक अधिकाऱ्याने खरेदीदाराला "महत्त्वाच्या बाबींचे स्पष्टीकरण" लेखी देऊन समजावून सांगितले पाहिजे. राखीव निधीत किती रक्कम जमली आहे, थकबाकी किती, दुरुस्तीच्या नोंदी कोणत्या, प्राणी पाळता येतात काय, हे सारे त्यात येते. ऑगस्ट २०२० पासून पुराच्या नकाशावर इमारत कोठे आहे तेही दाखवावे लागते. एदोगावासारख्या वॉर्डात हे फार आवश्यक आहे. तेथील जवळपास ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे आणि २०१९ मध्ये तेथील वॉर्ड प्रशासनाने मोठ्या पुरात येथे थांबू नका असे आपल्याच नागरिकांना स्पष्ट सांगणारा नकाशा घरोघर दिला.

ही तरतूद उत्तमच आहे. पण कायदा "करारापूर्वी" एवढेच म्हणतो. किती दिवस आधी ते म्हणत नाही. परिणामी बहुतेक ठिकाणी हे वाचन कराराच्या दिवशीच, सही करण्यापूर्वी तास-दीड तास होते. समोर शिक्का तयार, खिशात इसाराची रक्कम, पलीकडे विकणारा बसलेला. अशा वेळी तिसाव्या पानावर थकबाकीचा आकडा ऐकून उठून जाणारा खरेदीदार किती धीराचा असेल? प्रशासनात आपण हा अनुभव नेहमी घेतो. बैठकीच्या टेबलावर ठेवलेली टिप्पणी कोणी वाचत नाही. माहिती दिली अशी नोंद होते, माहिती पोहोचत नाही. माझे स्पष्ट मत आहे की अशी कागदपत्रे कराराच्या किमान सात दिवस आधी देणे कायद्याने बंधनकारक असावे. तोवर खरेदीदारानेच ती आधी मागावीत. मध्यस्थ व्यवस्थापन कंपनीकडून शुल्क भरून माहितीचा अहवाल मिळवू शकतो आणि इतिवृत्ते विकणाऱ्या मालकामार्फत मिळू शकतात. अडचण एवढीच की मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.

परदेशस्थ वाचकांसाठी आणखी दोन-तीन व्यावहारिक गोष्टी. जपानमध्ये परकीय नागरिकाला घर घेण्यास सर्वसाधारणपणे मज्जाव नाही, परंतु बहुतेक बँका कर्जासाठी कायम वास्तव्याचा परवाना मागतात. करारात कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत मिळण्याची अट असल्याची खात्री करावी, एरवी माघार घेतल्यास तो बुडतो. विकणारी व्यक्ती खासगी असेल तर दोषांबद्दलची तिची जबाबदारी करारात पुष्कळदा तीन महिन्यांपुरतीच मर्यादित केलेली असते. म्हणून तज्ज्ञाकडून घराची तपासणी करून घेण्याचा खर्च वाचवू नये. आणि कधी भारतात परतण्याचा विचार असेल, तर लक्षात ठेवावे की रिकाम्या घराचेही दोन्ही हप्ते आणि मालमत्ता कर सुरूच राहतात. परदेशात राहणाऱ्या मालकाला जपानमध्ये आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय नव्या दुरुस्तीने केली आहे. ती जरूर वापरावी. न सापडणारा मालक ही अशा इमारतींची मोठी व्याधी आहे. त्यांत आपली भर नको.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांची परंपरा जुनी आहे. आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी ०.२५ टक्के वर्गणी सांगितलेली आहे. जुन्या इमारतींची ठरावीक वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी असेही आहे. पण हे आकडे कोणाला दिसतात? सभासदाला दप्तर पाहण्याचा हक्क आहे, मात्र होऊ घातलेला खरेदीदार सभासद नसतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने विकसकाला नव्या प्रकल्पाची माहिती उघड करायला लावले, परंतु एका व्यक्तीने दुसऱ्याला विकलेल्या जुन्या सदनिकेला ते लागू होत नाही. खरेदीदार आयुष्याची पुंजी देतो ती दर्शनी रंग, वास्तुशास्त्र आणि थकबाकी नसल्याचा एक कागद पाहून. इतर राज्यांतही परिस्थिती फार निराळी नाही.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यातील चौथे कलम मला नेहमी त्या कायद्याचा गाभा वाटत आले आहे. कोणी मागण्यापूर्वीच माहिती उघड करावी, हे त्याचे तत्त्व. गृहनिर्माण संस्था ही शासकीय संस्था नव्हे, म्हणून तो कायदा तिला जसाच्या तसा लावावा असे मी म्हणत नाही. पण त्याच तत्त्वावर एक साधा उपाय करता येईल. सदनिकेच्या प्रत्येक पुनर्विक्रीपूर्वी संस्थेने दोन पानांचे विवरणपत्र द्यावे. त्यात निधीची शिल्लक, एकूण थकबाकी, शेवटची संरचनात्मक तपासणी आणि तिचा निष्कर्ष, जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे काय, चालू खटले आणि मागील तीन वर्षांची इतिवृत्ते असावीत. ते करारापूर्वी किमान सात दिवस मिळावे आणि त्याशिवाय दस्त नोंदणी होऊ नये. यासाठी नवे कार्यालय उघडण्याची आवश्यकता नाही. जे कागद असायलाच हवेत ते वेळेवर दाखवायचे आहेत.

यावर आक्षेप येईल की ज्या संस्थांकडे कागदच नाहीत त्यांच्या सभासदांची घरे विकलीच जाणार नाहीत. सुरुवातीला अडचण होईल हे खरे, आणि म्हणून दोन वर्षांची मुदत द्यावी. पण ज्या दिवशी कागद नसल्यामुळे घराची किंमत कमी होते हे लोकांच्या लक्षात येईल, त्या दिवशी सभांना माणसे येऊ लागतील. आज कोणत्याही परिपत्रकाने ते साधलेले नाही.

भाच्याने दुसरी सदनिका घेतली. पिवळा पडलेला भिंतींचा कागद त्यांनी सुट्टीत स्वतःच काढला. तेथे कार्यकारी मंडळाचे काम पाळीपाळीने प्रत्येक घराकडे येते आणि या वर्षी त्यांची पाळी आली आहे. परवा तो फोनवर म्हणाला, "मामा, सभेत सायकलींचा विषय पुन्हा निघाला. या वेळी इतिवृत्त मला लिहायचे आहे." मी त्याला सांगितले, कोण काय म्हणाले ते सविस्तर लिही. पुढचा खरेदीदार ते वाचणार आहे.